मधेच थांबवली तरी पान न बिघडवणारी स्क्रिप्ट : ओसीआर कामाच्या नोंदी

असंच काम कुणी हाती घेतलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवतो आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाने आपले वार्षिक अहवाल आणि ग्रंथसूची स्कॅन करून ठेवल्या आहेत. बरेचसे १९५६ च्या आधीचे, म्हणजे नागपूर राजधानीचं शहर होतं त्या काळातले. कागद पिवळा पडलेला, कडा झडलेल्या, काही अहवालांच्या बाकी प्रती कुठे आहेत की नाहीत तेही कुणाला ठाऊक नाही. या पानांतला मजकूर टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामने (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) काढून तो शोधता येईल असा करायचा आहे.

पायथनची स्क्रिप्ट एका विद्यार्थ्याने आधीच लिहून दिली होती आणि मजकूर ती बरा काढते. अडचण तिला थांबवण्याची आहे. वाचनालयात संगणक एकच : उबुंटू २४.०४, पायथन ३.१२, चार कोअर. दुपारी वाचनालय बंद असताना स्क्रिप्ट चालते. चार वाजता देवघेव सुरू झाली की ग्रंथपाल ताईंना तोच संगणक लागतो. म्हणजे रोज, काम पुरं झालेलं नसताना, मधेच थांबवणं हा या कामाचा भागच आहे. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने 'कंट्रोल-सी दाबल्यावर एररच्या ओळींचा ढीग दिसू नये' एवढंच पाहतात. मला हवं ते वेगळं : कुणीही, कधीही थांबवो, एकेक पान एकतर पूर्ण लिहिलेलं असावं किंवा अजिबात नसावं.

५ एप्रिल २०२५

ताई म्हणाल्या, "भाऊ, हे बंदच नाही होऊन राहिलं ना. कंट्रोल-सी दाबली की पुढच्या पानावर जाते." शेजारी बसून पाहिलं, अगदी तसंच. दर वेळी 'पान वाचता आलं नाही' असा संदेश येतो आणि स्क्रिप्ट पुढच्या पानाला लागते. शेवटी कंटाळून त्या टर्मिनलची खिडकीच फुलीवर क्लिक करून बंद करत होत्या.

कारण मुख्य लूपमध्ये होतं. एखाद्या खराब स्कॅनमुळे सगळं काम अडू नये म्हणून प्रत्येक पानाभोवती ट्राय आणि नुसता एक्सेप्ट लावलेला. काहीही एरर आली की पानाचं नाव 'खराब' यादीत टाकायचं आणि पुढे जायचं. कंट्रोल-सी दाबली की पायथन मुख्य थ्रेडमध्ये कीबोर्डइंटरप्ट नावाचा एररसारखाच अपवाद उठवतो, आणि नुसता एक्सेप्ट तोही गिळतो. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' असं लिहिलं की तो गिळला जात नाही, कारण पायथन २.५ पासून (२००६) कीबोर्डइंटरप्ट एक्सेप्शनच्या खाली येत नाही, थेट बेसएक्सेप्शनच्या खाली येतो. एका शब्दाची दुरुस्ती, आणि स्क्रिप्ट पहिल्या दाबात थांबली.

पण एवढे दिवस 'खराब' यादीत जी पानं गेली, त्यातली किती खरंच खराब आणि किती फक्त कंट्रोल-सीमुळे गेली, हे यादीवरून कळायला मार्ग नाही. यादी पूर्ण पुसली. ती सगळी पानं पुन्हा चालवायची.

६ एप्रिल

कालच्या दुरुस्तीनंतर थांबते, पण थांबल्यावर फोल्डरमध्ये शून्य बाइटची टेक्स्ट फाइल उरते. टेसरॅक्ट काम सुरू करतानाच निकालाची फाइल उघडतो. मजकूर त्यात नंतर येतो. मधे थांबवलं की रिकामी फाइल मागे राहते. त्यात भर म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाल्यावर 'फाइल आहे म्हणजे पान झालं' असं धरते. म्हणजे थांबवण्याच्या क्षणी जे पान चालू होतं ते कायमचं गळतं, आणि कुठेही काही तक्रार दिसत नाही. फाइंड कमांडने शून्य आकाराच्या फाइली शोधल्या. निघाल्या त्या पाहून वाईट वाटलं : एका वर्षाच्या देणगीदारांच्या यादीची सलग पानं त्यात होती. कुणी पुढे त्या यादीत आजोबांचं नाव शोधलं असतं तर 'सापडलं नाही' हेच उत्तर मिळालं असतं.

आता टेसरॅक्टला फाइलचं नाव देतच नाही. त्याच्याकडून मजकूर स्टँडर्ड आउटपुटवर घेतो. तो सगळा आला आणि टेसरॅक्ट शून्य कोडने संपला, तरच पुढे जायचं. मग पायथन तो मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहितो, फ्लश करतो, एफसिंक करतो (म्हणजे तो खरोखर डिस्कवर पोहोचतो), आणि शेवटी ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसने खरं नाव देतो. लिनक्सवर हे नाव बदलणं अखंड असतं : एकतर आधीची स्थिती, नाहीतर नंतरची, मधली नाही.

तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवण्याला कारण आहे. पहिल्यांदा ती टेंप फोल्डरमध्ये लिहिली होती आणि स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. दोन वेगळ्या डिस्कमध्ये रिप्लेस चालत नाही, 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' म्हणून एरर येते. त्या वेळी पायथनच्या शटिल मॉड्यूलचा मूव्ह वापरायचा मोह होतो. वापरू नका. तो दोन डिस्कमध्ये असताना आधी कॉपी करतो, म्हणजे अर्धवट फाइलचा धोका पुन्हा हजर.

एवढ्यावर थांबता आलं असतं. स्क्रिप्ट कुठेही मेली तरी आता डेटा नीट राहतो. पण दर वेळी चालू पानाचं काम वाया जातं, आणि दाट छापलेल्या ग्रंथसूचीच्या एका पानाला या संगणकावर पाऊण मिनिट लागतं. म्हणून पुढची पायरी : कंट्रोल-सी आली की हातातलं पान पुरं करून मग थांबायचं.

१२ एप्रिल

पायथनच्या सिग्नल मॉड्यूलने सिगइंटला (कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या सिग्नलला) स्वतःचा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, लावला. पहिल्या आवृत्तीत हँडलर 'थांबतो आहे, हे पान होऊ द्या' असा संदेशही छापत होता. बरेचदा चाललं, मग एकदा 'रीएंट्रंट कॉल' म्हणत रनटाइमएरर आली. पायथनचा हँडलर मुख्य थ्रेडमध्येच, दोन बाइटकोड सूचनांच्या मधे चालतो. मुख्य थ्रेड स्वतःच काही छापत असताना सिग्नल आला तर त्याच बफरवर दुसरं छापणं सुरू होतं, आणि पायथन ते नाकारतो. हे क्वचितच घडतं, म्हणून चाचणीत निसटायला फार सोपं आहे.

आता हँडलर फक्त 'थांबायचं आहे' सांगणारी एक खूण (व्हेरिएबल) खरी (ट्रू) करतो, दुसरं काहीही नाही. लूप प्रत्येक पानाच्या शेवटी ती खूण पाहतो आणि संदेश लूपच छापतो. 'खरंच थांबायचं का, हो की नाही' असं हँडलरमध्ये इनपुट घेऊन विचारणारे नमुने पुष्कळ दिसतात. ते मी घेतले नाहीत. ताईंना चार वाजता संगणक हवा असतो, त्यांना प्रश्नोत्तरं नको असतात.

१३ एप्रिल

या दिवसाची नोंद सविस्तर लिहितो, कारण अख्खा रविवार यात गेला आणि या कामातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे.

चाचणीसाठी छोटी स्क्रिप्ट केली : मुख्य स्क्रिप्ट सुरू करायची, मनाला येईल तेवढे सेकंद थांबायचं, तिच्या प्रोसेस क्रमांकाला सिगइंट पाठवायचा, मग फोल्डर तपासायचं. सगळं व्यवस्थित. चालू पान पूर्ण होतं, मग स्क्रिप्ट थांबते. समाधानाने कीबोर्डवर कंट्रोल-सी दाबली, तर चालू पान 'खराब' म्हणून नोंदलं गेलं. पुन्हा चाचणी चालवली, सगळं ठीक. पुन्हा कीबोर्ड, पुन्हा खराब.

फरक असा. किल कमांडने क्रमांक देऊन पाठवलेला सिग्नल एकट्या पायथनला जातो. कीबोर्डवरची कंट्रोल-सी तशी नसते. टर्मिनल तो सिग्नल समोर चालू असलेल्या संपूर्ण प्रोसेस गटाला पाठवतं, आणि पायथनने सुरू केलेला टेसरॅक्ट त्याच गटात असतो. पायथनने सिग्नल शांतपणे नोंदवून ठेवला, पण टेसरॅक्टकडे काही हँडलर नाही, तो जागच्या जागी मेला. सबप्रोसेसचा रिटर्नकोड उणे २ येत होता. २ हा सिगइंटचा क्रमांक, उणे म्हणजे त्या सिग्नलने मेला. तो आकडा मी सकाळीच लॉगमध्ये छापला असता तर दुपारपर्यंत काम झालं असतं.

उपाय एका पर्यायाचा : सबप्रोसेसला 'स्टार्ट न्यू सेशन' खरं देऊन टेसरॅक्ट सुरू करायचा. मग तो वेगळ्या सेशनमध्ये, वेगळ्या गटात असतो आणि टर्मिनलची कंट्रोल-सी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चाचणीही बदलली. ती आता मुख्य स्क्रिप्टला स्वतःच्या गटात सुरू करते आणि किलपीजीने गटालाच सिग्नल देते, म्हणजे कीबोर्डसारखं होतं. ज्यांची स्क्रिप्ट एफएफएमपेग, इमेजमॅजिक, आरसिंक असं बाहेरचं काही चालवते, त्या प्रत्येकाला हे लागणार.

१९ एप्रिल

उन्हाळा लागला आहे. दुपारी वाचनालयाचा कूलर बंद असतो आणि संगणक भिंतीतल्या कोनाड्यात. म्हणून काही पानं झाली की स्क्रिप्ट एक मिनिट विश्रांती घेते, असं त्या विद्यार्थ्याने आधीपासून ठेवलं होतं, आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ते हवंच. पण त्या विश्रांतीत कंट्रोल-सी दाबली तर मिनिट संपेपर्यंत काहीच होत नाही.

पायथन ३.५ पासून (२०१५) टाइम मॉड्यूलचा स्लीप सिग्नलने तुटत नाही. हँडलरने एरर उठवली तरच तुटतो, नाहीतर उरलेला वेळ पुरा झोपतो. आमचा हँडलर फक्त खूण करतो, त्यामुळे झोप चालूच. जुन्या पुस्तकांत आणि उत्तरांत याच्या उलट लिहिलेलं सापडेल, ते तेव्हा बरोबर होतं. साठ सेकंदांच्या झोपेऐवजी आता एकेक सेकंद झोपून दर वेळी खूण पाहतो. थ्रेडिंगचा इव्हेंट वापरून हे अधिक देखणं करता येतं, पण हँडलरमधून इव्हेंटचा सेट बोलावला तर त्याच्या आतल्या लॉकवर अडकून पडण्याची बारीक शक्यता राहते. एका सेकंदाचा उशीर मला चालतो.

२० एप्रिल

चार कोअरपैकी एकच वापरात होता, म्हणून चार पानं एकाच वेळी चालवायची. आधी मल्टिप्रोसेसिंगचा पूल (अनेक पायथन प्रोसेस एकदम चालवणारा) घेतला. कंट्रोल-सी दाबली की चारही कामकरी प्रोसेसना ती मिळते आणि स्क्रीन एररच्या ओळींनी भरून जाते. त्यांच्या सुरुवातीला सिगइंट दुर्लक्षित करायला सांगून ते सुटतं. पण मुळात खरं काम टेसरॅक्ट करतो, पायथन नुसती वाट पाहतो. मग वेगळ्या पायथन प्रोसेस हव्यातच कशाला? थ्रेडपूलएक्झिक्युटर (एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवणारा) घेतला, पसारा कमी झाला.

त्यातही दोन गोष्टी अडल्या. पहिली : सगळी पानं एकदम रांगेत टाकली होती, त्यामुळे थांबायला सांगितल्यावर एक्झिक्युटर रांगेतलं शेवटचं पान होईपर्यंत सोडत नव्हता. शटडाउनला 'कॅन्सल फ्युचर्स' खरं दिलं (पायथन ३.९ पासून मिळतं), की सुरू न झालेली पानं रद्द होतात आणि चालू असलेली चारच पूर्ण होतात. दुसरी : मुख्य थ्रेड निकालांची वाट पाहत असतो तेव्हा खूण तपासणारं कुणी नसतं. वेटला एका सेकंदाची मुदत दिली आणि दर सेकंदाला खूण पाहिली.

टेसरॅक्ट स्वतःही आतून अनेक थ्रेड वापरतो. चार टेसरॅक्ट एकदम चालले की ते एकमेकांच्या पायात येतात. ओएमपी_थ्रेड_लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं आणि वेग लगेच सुधारला. या नोंदींच्या विषयात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२६ एप्रिल

ताईंची जुनी सवय : खिडकी फुलीवर क्लिक करून बंद. तेव्हा सिगइंट येतच नाही, सिगहप येतो. संगणक बंद करायला सांगितला की सिगटर्म. या दोन्हींसाठी पायथन कीबोर्डइंटरप्ट उठवत नाही. मूळ वागणूक म्हणजे प्रोसेस तिथेच संपते, फायनलीतला (एरवी शेवटी हमखास चालणारा) कोडही चालत नाही. तिन्ही सिग्नलांना तोच हँडलर लावला.

सिगटर्म नीट चालला. खिडकी बंद केल्यावर मात्र स्क्रिप्ट पानं पूर्ण करण्याआधीच मरत होती. लॉगही नाही, कारण लॉग स्क्रीनवरच छापला जात होता, आणि तीच मेख निघाली. खिडकी गेली म्हणजे टर्मिनल गेलं. त्यानंतरचा पहिलाच प्रिंट 'इनपुट/आउटपुट एरर' देतो आणि ती एरर सगळं काम खाली ओढते. लॉगिंग मॉड्यूलने सगळं फाइलमध्ये लिहायला लावलं. स्क्रीनवर छापणारं एकच फंक्शन ठेवलं आणि त्यात ओएसएरर आली तर ती सोडून द्यायची. आता फुलीवर क्लिक केलं तरी चालू पानं पूर्ण होतात. संगणक बंद होताना सिस्टिमडी (उबुंटूतली सुरू-बंद सांभाळणारी यंत्रणा) सहसा ९० सेकंद वाट पाहून मग सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणारा सिग्नल, देते. आमची चार पानं त्यात बसतात.

सिगकिल, क्रमांक ९, पकडता येत नाही. त्यासाठी ६ एप्रिलचं रिप्लेसच.

२७ एप्रिल

एकेका वर्षाच्या फोल्डरवर मुख्य स्क्रिप्ट चालवणारी बॅशची छोटी फाइल आहे. कंट्रोल-सी दाबली की १९३८ चं फोल्डर नीट थांबतं आणि १९३९ चं सुरू होतं. आमची स्क्रिप्ट शिस्तीत थांबून शून्य कोड देत होती, म्हणून बॅशला वाटतं सगळं सुरळीत. कोड १३० दिला (१२८ अधिक २) तरी बॅश पुढे जातच राहतो. कारण मूल (बॅशने सुरू केलेली प्रोसेस) सिग्नलने मेलं की स्वतःहून बाहेर पडलं, हा फरक तो पाहतो.

म्हणून आवराआवर झाल्यावर, सिगइंट आला असेल तर, त्याचा हँडलर काढून मूळ वागणूक परत लावायची आणि स्वतःच्याच प्रोसेसला सिगइंट पाठवायचा. बॅशला खरी गोष्ट कळते आणि तोही थांबतो. पायथन ३.८ पासून न पकडलेल्या कीबोर्डइंटरप्टच्या बाबतीत पायथन हे आपणहून करतो. आपण सिग्नल ताब्यात घेतला की जबाबदारीही आपली.

३ मे

एका नव्या स्वयंसेवकाने कंट्रोल-झेड दाबली. प्रॉम्प्ट परत आला, म्हणून त्याने पुन्हा स्क्रिप्ट सुरू केली. कंट्रोल-झेडने प्रोसेस संपत नाही, गोठते. नंतर शेलने ती जागी केल्यावर दोन प्रती एकाच फोल्डरवर काम करू लागल्या. पानं बिघडली नाहीत, पण दुप्पट काम आणि दोन उलटसुलट लॉग.

सुरुवातीला कुलूप लावलं : पायथनच्या एफसीएनटीएल मॉड्यूलचा एफलॉक, वाट न पाहता. कुलूप मिळालं नाही तर 'आधीची प्रत चालू किंवा गोठलेली आहे, एफजी लिहून एंटर करा' असं मराठीत सांगून बाहेर. प्रोसेस क्रमांक लिहून ठेवणारी फाइल मुद्दाम केली नाही, कारण वीज गेली की ती तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी खोटं सांगते. एफलॉक प्रोसेस मेली की आपोआप सुटतो.

त्याच स्वयंसेवकाने पानाचं नाव कॉपी करायला मजकूर निवडून कंट्रोल-सी दाबली, आणि काम थांबलं. त्याचं काहीच चुकलं नाही, बाकी सगळीकडे ती कॉपीचीच कळ आहे. टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी. थांबताना छापल्या जाणाऱ्या संदेशात हेही एका ओळीत घातलं.

१० मे

दुपारी वीज गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, संगणक त्याच क्षणी बंद. ही चाचणी मी मुद्दाम केली नसती, पण झाली ते बरं. सुरू केल्यावर तपासलं : चार तात्पुरत्या फाइली, खऱ्या नावाची एकही फाइल रिकामी नाही. स्क्रिप्ट आता सुरुवातीलाच, कुलूप मिळाल्यावर, तात्पुरत्या नावाच्या फाइली पुसते. कुलपाआधी पुसू नका, चालू असलेल्या प्रतीच्या फाइली जातील.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणली, हजाराच्या आसपास. एवढाच या कामातला रोख खर्च.

१७ मे

राहिलेली गोष्ट : दुसरी कंट्रोल-सी. पहिल्या दाबानंतर माणसाला वाटलं की आता पाऊण मिनिटही नको, लगेच सोड, तर तो पुन्हा दाबणार, आणि ते ऐकलं पाहिजे. हँडलर पहिल्या वेळी खूण करतानाच सिगइंटला पायथनचा मूळ हँडलर परत लावतो. दुसऱ्या दाबाला कीबोर्डइंटरप्ट उठतो. पण टेसरॅक्ट आता वेगळ्या सेशनमध्ये आहेत, ते आपोआप मरत नाहीत, आणि त्यांची वाट पाहणारे थ्रेड पायथनला बाहेर पडू देत नाहीत. म्हणून चालू टेसरॅक्टची यादी ठेवली आणि फायनलीमध्ये प्रत्येकाला टर्मिनेट केलं. रिटर्नकोड उणे आला तर ते पान 'खराब' यादीत जात नाही, नुसतं राहिलेलं धरलं जातं.

बदललेली चाचणी रात्रभर चालवली : मधेच एक दाब, लगेच दोन दाब, विश्रांतीत दाब, खिडकी बंद. सकाळी रिकामी फाइल नाही, मागे राहिलेला टेसरॅक्ट नाही, खोटी 'खराब' नोंद नाही. देणगीदारांची ती पानं पुन्हा चालवली, सगळी आली.

विंडोजवर हे करणाऱ्यांसाठी : तिथे सिगहप नाही आणि एफसीएनटीएल नाही, कुलपासाठी एमएसव्हीसीआरटीचं लॉकिंग बघा. 'स्टार्ट न्यू सेशन' चालत नाही, त्याऐवजी सबप्रोसेसला नवा प्रोसेस गट करण्याचा क्रिएशन फ्लॅग द्यावा लागतो. ओएस रिप्लेस चालतो, पण ती फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये उघडी असेल तर परवानगीची एरर येते, तेव्हा मजकूर तपासायला फाइल उघडी ठेवून स्क्रिप्ट चालवू नका.